जिभेला न चिकटलेला दात

आमच्या कॉलेजातले शिपाई नाना दर रविवारी तापीच्या दरडी धुंडाळत. मगरीचे, दगड झालेले दात शोधायचा त्यांना नाद होता. मी भूगोल शिकवायचो, म्हणून सोबत जायचो. सापडलेला दात ते मुळाकडून जिभेला लावत आणि लगेच पचकन थुंकत.

"चिकटना म्हणजे जुना शे, सर. नही चिकटना तर कालपरवाना."

मी हौसेने वेचलेले कितीतरी दात जिभेला चिकटले नाहीत, म्हणून त्यांनी असे चाखून फेकून दिले. मला किळस यायची, रागही यायचा.

दिवाळीआधीच्या रविवारी आम्ही पोचलो, तेव्हा दरड कोसळली होती. सारवायला माती न्यायला आलेली एक बाई खाली गाडली गेली होती. गावकरी चहूकडे खणत होते, नेमकं कुठे खणावं कोणालाच कळत नव्हतं. माझ्या पायाशी मातीने लडबडलेला एक दात दिसला. सांगायला लाज वाटते, पण "हा तुमच्या कामाचा," म्हणत मी तो नानांच्या हातावर ठेवला.

सवयीने त्यांनी तो जिभेला लावला. तो चिकटला नाही.

"आठेच खंदा," दात पडला होता त्या जागेकडे बोट दाखवत ते हळूच म्हणाले.

त्या दिवशी ते थुंकले नाहीत. गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती उपसू लागले.