काचेमागचे भाऊजी

माझे धाकटे दीर अठरा वर्षं एका मोठ्या इस्पितळात समुपदेशक होते. एक्स-रेच्या खोलीला लागून त्यांची खोली. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. माणसं मान खाली घालून आत जात आणि बाहेर येताना निदान आपली पिशवी विसरली नाही ना, एवढं बघण्याइतकी भानावर आलेली असत. भाऊजी आत नेमकं काय करतात ते आम्हाला कधी कळलं नाही. जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "तिकडे ऐकून ऐकून कान दमतात त्यांचे. घरी आणायला उरतच नाहीत."

गेल्या वर्षी समुपदेशक तयार करणाऱ्या एका संस्थेने त्यांना शिकवायला बोलावलं. नेमणूक एका वर्षाची. वर्ष संपायच्या आत प्राचार्याबाई काम बघणार, पसंत पडलं तर कायम, नाही तर नमस्कार. इस्पितळातली जागा तोवर दुसऱ्याला दिली गेली होती. म्हणजे मागचं दार लागलेलं, पुढचं उघडायचं बाकी आणि भाऊजी मधल्या पायपुसण्यावर उभे. मी रोज सकाळी देवापुढे हात जोडताना त्यांच्यासाठी एक वाक्य जास्तीचं बोलत होते.

पहिले दोन महिने त्यांनी तक्ते केले. समोरच्याचं ऐकलं की नाही हे मोजायचा एक तक्ता, त्यात चोवीस रकाने. डोळ्यांत बघितलं, एक खूण. मध्ये बोललो नाही, एक खूण. समोरच्याची भावना ओळखून त्याच्याच शब्दांत परत सांगितली, दोन खुणा. हा शेवटचा प्रकार त्यांच्या अंगात असा मुरला की घरात कोणाशी सरळ बोलणं होईना. एकदा ह्यांनी बाहेरून फोन केला. घरात भाऊजी एकटेच होते.

"अरे, माझी किल्ली हरवली."

"किल्ली हरवल्यामुळे दादा, तुला हतबल वाटतंय."

"वाटत नाहीये. मी दाराबाहेर उभा आहे. दार उघड."

दार उघडलं, पण भाऊजींनी आधी खूण केली. दोन.

भाऊजींच्या मानेचं जुनं दुखणं आहे. ऐकताना मान डावीकडे कलते, तेवढ्याने ठणका कमी होतो. वर्गात चौदा मुलंमुली. महिन्याभरात चौदाही माना डावीकडे. कोणी सांगितलं नव्हतं, पण सर ऐकतात ते असंच, म्हणजे ऐकणं असंच असणार. एका मुलीच्या आईने तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का? मुलगी म्हणाली, "नाही, मी सहानुभूतीने ऐकतेय."

तिसऱ्या महिन्यात काचेची खोली सुरू झाली. हा त्या शिक्षणातला मुख्य भाग. एका खोलीत विद्यार्थी आणि समोर खरं माणूस, आपली खरी अडचण घेऊन स्वखुशीने आलेलं. भिंतीत मोठी काच. आतून ती आरशासारखी दिसते, पलीकडच्या खोलीतून मात्र सगळं आरपार. पलीकडे शिक्षक बसतात. विद्यार्थ्याच्या कानात एक छोटं यंत्र असतं, शिक्षकाने बटण दाबून सांगितलेलं फक्त त्यालाच ऐकू येतं. नियम असा की फारच अडलं तरच बटण दाबायचं.

भाऊजींना दुसऱ्या मिनिटालाच फार अडलेलं दिसायचं. अठरा वर्षं मुरलेला माणूस. कोणत्या शब्दावर थांबायचं, कुठे काय विचारायचं, सगळं त्यांना काचेतून लख्ख दिसायचं आणि मुलं बघावीत तर चाचपडतायत. मग बटण. "विचार, मग तुम्ही काय केलंत." मुलगा विचारायचा, मग तुम्ही काय केलंत. "आता गप्प बस." गप्प. हळूहळू बटणावरचं बोट उठेनासं झालं. येणारी माणसं खूश, मुलं खूश, संस्थेत बोलबाला की नवे सर आले आणि तीन महिन्यांत वर्ग तयार झाला. भाऊजी घरी येऊन सांगायचे, "वहिनी, पोरांना कळायला लागलंय हो."

जाऊबाई म्हणाली, "तुम्हाला कळतंय. पोरं नुसती ओठ हलवतायत."

भाऊजींनी तिची भावना ओळखून तिच्याच शब्दांत परत सांगितली. ती उठून गेली.

वर्गात सगळ्यांत आज्ञाधारक होती एक मुलगी. काहीही सांगा, "हो सर." त्यावरून वर्गाने तिचं नावच होसर ठेवलेलं. एके दिवशी ती आत बसली होती, समोर एक निवृत्त पोस्टमास्तर. बायको जाऊन वर्ष झालेलं, घर खायला उठतं, सांगता सांगता त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. नेमका त्याच वेळी काचेमागे शिपाई चहाचं विचारायला आला. भाऊजींचं बोट बटणावर होतंच. त्यांनी मान वळवून हळूच सांगितलं, "बिनसाखरेचा. अर्धा कप."

आत होसरने मान डावीकडे कलवली, पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत बघितलं आणि गंभीरपणे म्हणाली, "बिनसाखरेचा. अर्धा कप."

पोस्टमास्तरांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरोबर बोललीस, बाळ. ती गेल्यापासून अगदी तसंच झालंय सगळं." आणि वर्षभरात पहिल्यांदा रडले.

भाऊजींनी हे कोणाला सांगितलं नसतं. पण तिथली रीत अशी की झालेलं प्रत्येक बोलणं शब्दन् शब्द टाइप करून वाचायचं. दुसऱ्या दिवशी वर्गाने ते वाचलं आणि अकरा जणांनी त्या वाक्याखाली रेघ मारली. एकाने समासात लिहिलं, 'रूपकाचा प्रभावी वापर.' दुसऱ्याने पुढच्याच आठवड्यात घटस्फोट होऊ घातलेल्या एका बाईंना मनापासून सांगितलं, "गाळून. आलं जास्त." बाईंनी पर्स उचलली.

त्या बाईंची तक्रार आणि टाइप केलेले कागद प्राचार्याबाईंकडे गेले. त्यांनी भाऊजींना बोलावून विचारलं, "हे वाक्य कोणत्या पद्धतीतलं?"

भाऊजींना दोन-तीन जाडजूड नावं घेता आली असती. पण ह्या घरात खोटं बोलायचं वळण नाही. म्हणाले, "चहाच्या."

प्राचार्याबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या वर्गात चौदा विद्यार्थी नाहीत. तुम्हीच चौदा खुर्च्यांवर बसलाय. महिन्याने मी काचेमागे बसेन. यंत्र काढलेलं. एकच विद्यार्थी, अर्धा तास, समोर त्याने आधी कधी न बघितलेलं माणूस. त्याने तो अर्धा तास स्वतः निभावला तर तुम्ही राहाल."

"कोणता विद्यार्थी?"

"चहा सांगणारी."

त्या रात्री भाऊजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी होसरला बसवून समजावलं, आता कानात कोणी नसेल, तुझं तू बोलायचंस. ती म्हणाली, "हो सर." पंधरा दिवस सराव झाला. यंत्र काढलं की ती दोन वाक्यं बोलायची आणि आरशाकडे बघत राहायची. शेवटी भाऊजी वैतागून म्हणाले, "अगं, मी नाहीये तुझ्या कानात."

"आहात सर. यंत्र काढलं तरी तुमचाच आवाज येतो. मी काहीही बोलले तरी तुम्ही त्याहून चांगलं बोलला असता. मग कशाला बोलू?"

हे त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, ओट्याशी उभं राहून. मी भाजी चिरत राहिले, कारण ते काही विचारत नव्हते. होसर अजून एक गोष्ट म्हणाली होती. "सर, तुम्ही कधी चुकला नव्हता का?"

त्याच संध्याकाळी त्यांनी कपाटावरची जुनी पेटी खाली काढली. तिच्यात त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाच्या वेळची एक कॅसेट होती. वर्गातलीच एक मैत्रीण समोर बसून आपली अडचण सांगतेय आणि भाऊजी ऐकतायत, असा सराव. जाऊबाईने कुठूनसा टेपरेकॉर्डर आणला आणि आम्ही तिघं बसलो. ती बिचारी म्हणते, "माझ्या वडिलांनी..." की भाऊजी म्हणतात, "वडिलांशी बोलून बघा." ती म्हणते, "ते आता..." की भाऊजी, "वेळ द्या त्यांना." चौथ्या मिनिटाला कळतं की वडील वारलेत. जाऊबाई हसून हसून बेजार झाली. डोळे पुसत म्हणाली, "ताई, ह्यांनी अकरा वेळा तोडलं तिला. मी मोजलं. आणि हा माणूस चोवीस रकाने भरतो."

भाऊजी लाल झाले होते. पण त्यांनी त्या मैत्रिणीला फोन करून परवानगी मागितली आणि कॅसेट वर्गात नेली. पूर्ण ऐकवली, मध्ये काही न समजावता. घरी येऊन म्हणाले, "आधी कोणी हसेना. वडील वारल्याचं आलं तेव्हा होसर हसली. तोंड दाबून. मग सगळे." थोड्या वेळाने म्हणाले, "कॅसेट संपली तेव्हा बऱ्याच माना सरळ होत्या, वहिनी."

ठरलेल्या दिवशी आत बसायला आमच्या शेजारच्या शिवणबाई तयार झाल्या, पण एकट्या यायला घाबरत होत्या. म्हणून मी बरोबर गेले. मला काचेमागे बसू दिलं तर चालेल का, असं प्राचार्याबाईंनी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "ती असेल तरच." इथे जे लिहिते आहे तेही त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या संमतीने.

काचेमागे मी, प्राचार्याबाई आणि भाऊजी. बटणाचं यंत्र प्राचार्याबाईंच्या मांडीवर, वायर गुंडाळलेली. आत होसर.

सुरुवात वाईट झाली. तिने एका दमात तीन प्रश्न विचारले. शिवणबाईंनी तिसऱ्याचं उत्तर दिलं, "सुईत दोरा ओवता येत नाही आता. गिऱ्हाइकांना ठाऊक नाही."

"चष्म्याचा नंबर बदलून बघितला का?" होसरने विचारलं.

भाऊजींनी डोळे मिटले. त्यांच्या तक्त्यात सल्ला द्यायला उणे दोन खुणा होत्या.

"तीनदा बदलला," शिवणबाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

होसरने आरशाकडे बघितलं, म्हणजे आमच्याकडेच. भाऊजींचं बोट टेबलावर गेलं आणि बटण नव्हतं तिथे दाबत राहिलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. प्राचार्याबाई लिहीत होत्या. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, त्या पोरीला शब्द दे. मग वाटलं, नको, भाऊजींचेच शब्द असतील ते.

होसरने आरशावरून नजर काढली. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "मला वाटलं, चष्म्याने भागेल. तुम्ही तीनदा करून बसलाय." मग जरा थांबून, "मग शिवता कसं?"

हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. शिवणबाईंनी हात मांडीवर पसरले आणि सांगायला लागल्या. बोटांनी शिवण चाचपून अंदाज घेतात. मागच्या महिन्यात एकीची बाही उलटी लावली आणि कापडच खराब होतं म्हणून सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलल्या. माझ्या शेजारी राहतात त्या, रोज दिसतात, मला काही ठाऊक नव्हतं. होसर ऐकत होती. मान सरळ. दोनदा मध्येच बोलली, एकदा नको तिथे थांबली. अर्धा तास झाला तेव्हा शिवणबाई म्हणाल्या, "त्या बाईला बोलावून बाही नीट लावून देते. आणि खरं सांगते." हे त्यांना कोणी सुचवलं नव्हतं.

प्राचार्याबाईंनी कागद भाऊजींपुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीच्या सहा चुका. सहाही तिच्या स्वतःच्या. सरांना कायम करावे.'

भाऊजी कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, "सात होत्या."

"सर," प्राचार्याबाई म्हणाल्या, "राहू द्या."

तेवढ्यात शिपाई आला. चहा कसा, म्हणाला. भाऊजींनी आधी काचेकडे बघितलं, मग प्राचार्याबाईंच्या मांडीवरच्या यंत्राकडे. वायर गुंडाळलेली होती. तरी ते बोलले नाहीत. अंगठा आणि बोट जवळ आणून अर्धा कप दाखवला, आणि साखरेसाठी नुसती मान हलवली.