नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर रोपं

माझे सासरे उखर्डू आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि केळीच्या रांगा आखायची दोरी अजून कुणाच्या हाती देत नाहीत. नशिराबादला आमची बाग बघायला माणसं थांबतात ती त्यांच्या रांगांसाठी. प्रत्येक रांगेत सारखी झाडं, एकही कमी नाही. जिवंत रोप फेकायचं नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट. अशा माणसाला सून मिळावी गणिताची शिक्षिका, म्हणजे आमच्या घरात करमणुकीला तोटा नाही.

यंदा दहा हजार रोपं आली. शंभर रांगा, रांगेत शंभर, आबा खूश! पण लावणीआधीच सत्तावीस रोपं उन्हाने गेली, आणि रोपवाटिकेत त्या जातीचं एकही शिल्लक नव्हतं. माझा नवरा हितेंद्र टपूनच बसला होता. आबांनी आता आराम करावा, हा त्याचा धोशा.

"आबा, यंदा एक जरी रांग तोकडी पडली, तर दोरी माझ्याकडे. कायमची."

आबा तावातावाने हो म्हणून बसले.

उरली ९९७३. ही नेमकी मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. आबा ओट्यावर कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार मांडत होते. सात, अकरा, तेरा, थेट सत्त्याण्णवपर्यंत. दरवेळी बाकी.

"शंभराच्या पुढे जायचं कामच नाही," ते म्हणाले. "शंभर गुणिले शंभर दहा हजार होतात."

चौथी शिकलेला माणूस! नववीच्या वर्गाला हेच समजावताना माझा घसा बसतो.

मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "भाग जात नाही, कामिनी. दे त्याले दोरी." जेवायलाही उठले नाहीत. सासूबाई हितेंद्रवर भडकल्या.

मला आबांचं तोंड बघवेना. मी पुन्हा आकड्याकडे पाहिलं. चाराने भागलं तर एक उरत होता, आणि अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, तीही एकाच प्रकारे.

"आबा, एका चौकोनात बसत नाहीत ना? दोन चौरसांत बसतील. कोणत्या, ते तुम्ही शोधा."

आमच्या शेताचे मधल्या पाटाने दोन तुकडे झालेत, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. नव्व्याण्णवपासून एकेक वर्ग वजा करत ते ब्याऐंशीवर आले आणि सासूबाईंना हाक देत ओरडलेच, "सत्तावन्न सत्तावन्न! कुंदा, चहा टाक!"

पाटाच्या अलीकडे ब्याऐंशी रांगा ब्याऐंशीच्या, पलीकडे सत्तावन्न सत्तावन्नच्या. ना एक उरलं, ना एक कमी पडलं. दोरीचं दुसरं टोक हितेंद्रने निमूट धरलं होतं. मी मात्र हसून घेतलं.

शेवटचं रोप दाबून आबांनी विचारलं, "अशा भाग न जाणाऱ्या संख्या संपतात कुठे?"

"कधीच नाही, आबा. कितीही पुढे जा, आणखी एक असतेच."

"मग मीच कायले थांबू?" म्हणाले, आणि दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली.