मोगलाईतला पोळा आणि मागं न जाणारी मोटार

वाशिमला वकिली थाटून वर्ष होत नाही तोच यांनी एक जुनी मोटार घेतली, आणि मोटार घेतली की माणसाला कुठंतरी जावंच लागतं. माझी अक्का वसमतला दिलेली. श्रावण संपायच्या आत औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन घ्यावं आणि तसंच पुढं अक्काकडं जावं, असं ठरलं. शेजारी म्हणाले, अहो, ती मोगलाई, निजामाचा मुलूख. तिथं राज्य निराळं, नाणं निराळं, भाषा निराळी. हे म्हणाले, रस्ता तर रस्ताच ना! आम्ही दोघं मूळची रत्नागिरीकडची, इकडं नवीन. इकडच्या रीतीभातींची काही म्हणजे काही माहिती नाही.

गाव सुटल्यावर यांनी हळूच सांगितलं की मोटार मागं जात नाही, तेवढा एक गिअर मोडलाय. मी कपाळावर हात मारला. तर म्हणे, आपल्याला पुढंच जायचंय.

तुम्ही जाणार असाल तर पेट्रोलचे डबे वाशिमातच भरून घ्या. सरहद्दीवर आपले कलदार रुपये देऊन थोडा निजामाचा हाली सिक्का घ्या, म्हणजे वाटेत चहापाण्याला अडत नाही. आणि जकातीच्या नाक्यावर लोणच्याची बरणी लपवू नका. आमची लपवलेली निघाली. नाकेदारानं उर्दूत विचारलं, माल नवा की जुना? यांचं उर्दू म्हणजे मराठीच, फक्त मोठ्यानं. शेवटी मी बरणी उघडून त्याच्यापुढं धरली. त्यानं दोन फोडी खाल्ल्या, घरगुती आहे असा निर्वाळा दिला आणि दांडी वर केली.

हिंगोलीत मोटार पाहायला ही गर्दी! एका म्हातारीनं बॉनेटला कुंकू लावलं. झालं, तिथून यांच्या डोक्यात हवा शिरली. दिसेल त्याला टोपी काढून नमस्कार. औंढ्याला एका गुरुजींकडं मुक्काम केला, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पोटभर खाल्ली, सकाळी शांतपणे दर्शन झालं.

जेवून वसमतच्या वाटेला लागलो. मुरमाचा रस्ता बरा आहे, फक्त कडेला उतरू नका. काळ्या चिखलात चाक गेलं की गेलंच. आदल्या दिवशी गाड्यांनी जीव नकोसा केला होता. गाडीवान झोपलेले आणि वाट द्यायची की नाही ते बैल ठरवणार. आज मात्र एकही गाडी नाही. हे म्हणाले, आपल्यासाठी रस्ता मोकळा केलेला दिसतो.

शिरड शहापूरच्या अलीकडं एका गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं भलंमोठं तोरण लावलेलं. हलगी वाजत होती, सारा गाव जमलेला, झुली घातलेले बैल ओळीनं उभे. यांनी टोपी सारखी केली. बघ, हिंगोलीहून निरोप पोचला वाटतं, असं म्हणून यांनी भोंगा वाजवला आणि मोटार घातली तोरणाखालून. तोरण टपाला अडकलं आणि तुटून आमच्या गळ्यात पडलं. हलगी थांबली.

तो पोळा होता. मानाचा बैल तोरणाखालून आधी जातो, मग पोळा फुटतो. गावच्या पाटलीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. पाटलांचा हरण्या पहिल्या जागी उभा होता, शिंगांना बेगड, पाठ पार वाकलेली. गावात लगेच दोन तट. काही म्हणाले, पोळा फुटला, यंदाचा मान मोटारीचा. बाकीचे म्हणाले, बैलावाचून पोळा फुटतच नाही. पाटील भांडले नाहीत. हरण्याच्या पाठीवर हात ठेवून यांना एवढंच म्हणाले, "काल हळद-तुपानं खांदे मळताना म्हणलं त्याला, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. पुढल्या पोळ्याला तो न्हाई ऱ्हायचा, सायेब. आता कोण्या तोंडानं घास घालू?"

यांचं तोंड एवढंसं झालं. मला तर जमीन दुभंगावी असं वाटलं.

पाटलीणबाईंनी तोड काढली. मोटार आली तशी मागं घ्या, म्हणजे आलीच न्हाई. सगळ्यांना पटलं. मग यांना सांगावं लागलं की ती मागं जात नाही.

"मंग काहून आणली?" पाटलीणबाई म्हणाल्या. हेच मी वाशिमपासून विचारत होते.

बैल जुंपावेत, असं यांनी सुचवलं, तर लोकांनी कानांवर हात ठेवले. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू? मग गावातल्या बाप्यांनी धोतरं खोचली आणि मोटार पाठीकडं रेटली. हे मान वळवून चाक फिरवत होते, हवं त्याच्या बरोबर उलट. मोटार वेशीबाहेर आली आणि थेट उकिरड्यात बसली.

तोरण पुन्हा बांधलं. हलगी सुरू झाली आणि हरण्या हलेना. पाय थरथरत होते. पाटील कानाशी लागून विनवत होते, डोळ्यांत पाणी. यांना राहवेना. उकिरड्यातून यांनी भोंगा दाबला.

हरण्या असा उधळला! शेपूट वर, पाटील कासऱ्याला लोंबकळत मागं, तोरण शिंगांवर. हर हर महादेवचा एकच गजर झाला. पाटील हसत होते आणि फेट्याच्या शेवाला डोळे पुसत होते. सगळ्या बैलांमागून शेवटी उकिरड्यातून ढकलून काढलेली मोटारही गेली. पाटलीणबाईंनी तिच्या दिव्यांना बैलांच्या शिंगांचा तांबडा हिंगूळ लावला आणि पुढ्यात पुरणपोळी ठेवली. अक्काकडं पोचलो तेव्हा लोणचं निम्मं उरलं होतं. निम्मं पाटलांकडच्या पंगतीत गेलं.

घरी आल्यावर गिअर दुरुस्त झाला. हिंगूळ यांनी पुसू दिला नाही. पुढच्या श्रावणात त्या गावचा एक हळदवाला यांना वाशिमच्या बाजारात भेटला. हरण्या उन्हाळ्यात गेला, म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुपाची वाटी सापडेना म्हणून मी अंगणात आले. हे मोटारीच्या बॉनेटला दोन्ही हातांनी हळद आणि तूप चोळत होते. माझी चाहूल लागली नव्हती. वाकून तिला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

एरवी मी सोडलं नसतं. त्या दिवशी आत गेले आणि पुरणाची डाळ काढली.