तपासणाऱ्याची सही

लग्नाला गेले की मांडवाच्या खांबाला टेस्टर लावल्याशिवाय काशिनाथराव खुर्चीवर बसत नसत. कुणाच्याही घरी आधी स्विचबोर्ड बघत, मग यजमानांकडे. कूलरला हात लावायचा तर बोटांची उलटी बाजू. मोबाइल चार्जिंगला लावताना पायाखाली रबरी चटई. किराणा यादीच्या तळाशी दोन रकाने: यादी करणारा, यादी तपासणारा. पहिल्यात रत्नप्रभाकाकूंची सही, दुसऱ्यात त्यांची. आणि शर्टाच्या खिशात कायम लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा. प्रत्येकीवर एकच शब्द छापलेला: होल्ड.

एकतीस वर्षं ते हिंदी मुलखातल्या एका वीजयंत्रांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत काहीही पास झालं नाही, अशी ख्याती. एक मोटर नऊ दिवस थांबली होती, कारण नटावरची रंगाची खूण तिरकी होती. धाकट्या जावयालाही दोन महिने होल्डवर ठेवलं होतं, असं काकू सांगत. जावई हे ऐकून अजूनही हसत नसे.

शेजारचा गौरांग कारखान्याच्या वसाहतीत, इंद्रपुरीत, त्यांच्या समोरच्या क्वार्टरमध्ये वाढला. पुढे दोन्ही घरं गावाच्या दुसऱ्या टोकाला, कोलार रोडला गेली. गौरांग मराठीत एम.ए. झाला आणि त्याच्याकडे वेळच वेळ आला.

बोटीचा विषय काकूंनी काढला. "तलावांच्या गावात सदतीस वर्षं काढली. पाण्यावर एकदाही गेलो नाही."

काशिनाथरावांनी हे गांभीर्याने घेतलं. बड्या तलावाच्या काठी एका लहानशा क्लबात जुनी बोट विकायला होती. चार माणसांची, वर छप्पर. ती त्यांनी घेतली. काकूंना उकाडा सोसत नाही, म्हणून बोटीत पंखा हवा. शिवाय बोटीच्या तळातून थोडं पाणी यायचं. ते उपसायला पंप हवा. पंपाला बॅटरी हवी. बॅटरी चार्ज व्हायला वीज हवी. म्हणजे धक्क्यावरून केबल टाकून बोटीला जोडणी द्यायला हवी.

"नऊ एप्रिलला तुझा पासष्टावा वाढदिवस," ते काकूंना म्हणाले. "पंख्याखाली बसून पाण्यावर चहा. लिहून ठेव."

काकूंनी लिहून ठेवलं. काशिनाथरावांनी तपासून सही केली.

तोवर बोट तरंगत ठेवायचं काम धक्क्यावरचा राखणदार सुरेश याचं. तो रोज सकाळी बादलीने पाणी काढून टाकायचा. सुरेशच्या चौकीत एकच सॉकेट. त्यात तो उघड्या तारा काडेपेटीच्या काड्या खोचून अडकवायचा आणि त्याच्यावर शेगडी, कूलर, रेडिओ सगळं चालायचं. काशिनाथरावांनी पहिल्याच दिवशी चौकीच्या दाराला लाल चिठ्ठी चिकटवली.

"काकाजी, आठ साल से चल रहा है," सुरेश म्हणाला.

"चालतंय म्हणजे पास झालं असं नाही," काशिनाथराव मराठीतच म्हणाले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते बोटीत वाकून बसले. धक्क्यावर पाणी न शिरणारी पेटी आली. बोटीच्या कडेला झाकणवालं सॉकेट आलं. वीज जरा जरी पाण्यात गळली तरी क्षणात तोडणारा स्विच आला. प्रत्येक वितीवर केबलला पट्टी. काम इतकं देखणं झालं की धक्क्यावर येणारे लोक बोटीऐवजी तारांचे फोटो काढू लागले.

मग अडलं. फॉर्मवर दोन सह्या होत्या: काम करणारा आणि तपासणारा. जो करतो तो तपासत नाही, हा कारखान्याचा नियम. कारखाना सुटला होता, नियम सुटला नव्हता. जुने सहकारी नरहर आले, वरून एक नजर टाकली. "झकास आहे, काश्या. लाव प्लग." त्यांना चहा पाजून परत पाठवण्यात आलं. कोलार रोडचा एक इलेक्ट्रिशियन चप्पल घालून आला. तो धक्क्यावरच बाद झाला.

"तू कर," काशिनाथराव गौरांगला म्हणाले.

"काका, मला यातलं काही कळत नाही."

"म्हणजे मत बनलेलं नाही. उत्तम. बाकीचं मी शिकवतो."

पाच आठवडे शिकवणी झाली. आधी बोटीकडचं टोक लावायचं, मग काठाकडचं, मग स्विच. काढताना बरोबर उलटं. गौरांगने ते आर्येसारखं पाठ केलं. तीन परीक्षा झाल्या. दोनदा तो नापास झाला.

नऊ एप्रिलला काकू नवी साडी नेसून, थर्मास आणि बाकरवडीचा डबा घेऊन धक्क्यावर आल्या. खुर्ची टाकून बसल्या. काशिनाथरावांनी सुरेशला बजावलं, "आज बादली नको. तपासणीत बाहेरचा हस्तक्षेप चालत नाही."

गौरांग यादी घेऊन एकेका कलमावर टिकमार्क करत गेला. पट्ट्या. नटांवरच्या खुणा. अर्थिंग. दीड तास गेला. चोवीस कलमं पास झाली. काशिनाथरावांचा चेहरा असा उजळलेला त्याने कधी पाहिला नव्हता. पेटीजवळ प्लग हातात धरून ते उभे होते.

पंचविसावं कलम: मी हे सर्व पाहिले व मला समजले. खाली सही.

"समजलं ना?" त्यांनी विचारलं.

गौरांग प्रामाणिक होता. "हो काका. समजलं असं वाटतं."

काशिनाथरावांनी प्लग खाली घेतला. पेनही काढून घेतलं.

"वाटतं?"

"म्हणजे… समजलंच."

"नाही. आधीचा शब्द खरा होता. रिपोर्टात वाटतं चालत नाही. पहिल्यापासून घेऊ. कलम एक."

"अहो, बोट बघा!" काकू ओरडल्या.

बोट मागच्या बाजूने खाली गेली होती. पाणी गाद्यांपर्यंत आलं होतं. पंप पाण्याखाली नुसताच पडून होता, त्याला वीज मिळाली नव्हती. "लावा तो प्लग!" काकू म्हणाल्या. "सहीशिवाय?" काशिनाथराव खरोखरच दुखावले. सुरेश बादली घेऊन धावला, पण तोवर बोट गुडघाभर पाण्यात तळाला टेकली. छप्पर आणि पंखा तेवढे वर राहिले.



मग काकूंनी डबा उचलला. "सुरेश, तेरी नाव है ना?"

सुरेशची चप्पूची, म्हणजे वल्ह्याची, नाव होती. लाकडी, डांबर फासलेली. काकू त्यात बसल्या. गौरांग मागोमाग चढला, त्याला धक्क्यावर थांबायची हिंमत नव्हती. नाव पाण्यात सरकली आणि वारा लागला. काकूंचा पदर फडफडू लागला. तलावावर वाराच वारा होता. पंख्याचं कुणाला नावही आठवलं नाही.

"अहो, येताय का?" काकूंनी हाक मारली. "चहा गार होतोय!"

"आलोच," काशिनाथराव म्हणाले. "एवढं एक होऊ दे."

त्यांनी बुडालेल्या बोटीच्या छपराला लाल चिठ्ठी चिकटवली. मग काकूंच्या खुर्चीवर बसून फाइल मांडीवर उघडली. गौरांग लांबून बघत होता. करणाऱ्याच्या रकान्यात त्यांची सही होती. प्लग त्यांच्या पायाशी पडला होता, सॉकेटपासून हातभर अंतरावर, आणि ते पेन उघडं धरून तपासणाऱ्याच्या रकान्याकडे पाहत होते.