मधली ओळ

आमच्या हायस्कुलात गाणं शिकवणाऱ्या बाई पुण्याकडच्या होत्या. बेळगावात येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती, पण आमच्या मुलखाचं कौतुक त्यांना आमच्यापेक्षा जास्त. रांगोळीची ठेवण, फेराची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सगळं मुलींनी घरून शाळेत आणलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. "पेटीवरची गाणी मी शिकवीन, पण तुमच्या आयांची गाणी मला कोण देणार?" असं त्या म्हणायच्या. एवढ्यावरून त्या मला फार आवडायच्या. अजूनही आवडतात, म्हणून तर पुढचं सांगताना माझी पंचाईत होते.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात आपल्या भागातली गाणी म्हणायचं ठरलं. खानापूरकडच्या एका मुलीनं भातलावणीचं गाणं आणलं. मी निपाणीजवळच्या खेड्यातली, शिक्षणासाठी आत्याकडे बेळगावात राहिलेली. माझ्याकडे आईचा पाळणा होता.

आई तापानं गेली तेव्हा धाकटी बहीण झोळीत होती. आईचा फोटो नव्हता. आमच्यासारख्यांच्या घरी कोण फोटो काढतंय! धाकटीला आई म्हणून दाखवायला माझ्याजवळ तेवढं एक गाणं होतं. जुन्या लुगड्याच्या झोळीला झोका देत मी ते म्हणायची. पुढं मी शिकायला गेले, तरी सुट्टीत घरी आले की धाकटी अंथरुणात शिरून म्हणायची, "आक्का, आईचं म्हण."

आईचं माहेर चिकोडीकडचं, तिथं घरात कन्नड. लग्न होऊन आली ती आमच्या मराठी बोलणाऱ्या घरात. तिच्या गाण्यात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या. 'बा गं माझ्या कूसू, हालु देते तुला.' बा म्हणजे ये, कूसू म्हणजे तान्हं मूल, हालु म्हणजे दूध. शेवटची ओळ होती, 'चांद आला दारी, झोप आली तुला.' या दोहोंच्या मधे आणखी एक ओळ होती.

बाईंनी ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी खडू घेतला. "कूसू नव्हे गं, कुशी असेल ते. ऐकून ऐकून बिघडलंय." फळ्यावर आलं, 'ये गं माझ्या कुशी, दूध देते तुला.' फळ्यावर ते छान दिसत होतं, आणि बाईंपुढं कन्नड शब्द सांगायची मला लाज वाटली.

मधल्या ओळीपाशी त्या अडल्या. "याचा अर्थ काय?"

"ठाऊक नाही, बाई."

कन्नड येणाऱ्या मुलींना विचारलं, त्यांनाही लागेना. "अर्थच नसेल, तर मुलींनी काय म्हणून म्हणायचं?" असं म्हणून बाईंनी जागच्या जागी नवी ओळ रचली. 'सोनियाची झारी, रुप्याचा गं झुला.' आमच्या घरी पितळेचीसुद्धा झारी नव्हती. पण ओळ चालीत चपखल बसली.

मग तालमी सुरू झाल्या. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. माझं जेवण चुकू नये म्हणून बाई रोज माझं गाणं पहिलं घ्यायच्या. इतकी माया कोण करतं? संमेलनापर्यंत वर्गातल्या सगळ्या मुली तो पाळणा शाळेत येता-जाता म्हणायला लागल्या होत्या. त्या दिवशी टाळ्या थांबेनात. माझ्या आईला टाळ्या पडताहेत असं वाटून मी पडद्यामागं रडले.

सुट्टीत गावी गेले. अंगणात तंबाखूचा वास भरला होता. धाकटी नेहमीसारखी कुशीत आली. मी मोठ्या ऐटीत शाळेतला पाळणा म्हटला.

ती उठून बसली. "हे आईचं न्हाय."

मला हसू आलं. कूसू आणि हालु मी पुन्हा जागेवर ठेवले. ती आडवी झाली, आणि मधल्या ओळीला परत उठली. "तसं न्हाय गं, आक्का."

"मग कसं?"

"मला काय ठावं? तूच म्हणत हुतीस न्हवं!"

मी तोंड उघडलं आणि सोनियाची झारी आली. पुन्हा उघडलं, पुन्हा तीच. त्या ओळीत कुठं तरी ळ होता, एवढंच आठवत होतं. आप्पांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. ते सुपारी कातरत होते. "रोज ऐकत हुतो की," म्हणाले, आणि उठून गोठ्याकडे गेले. आजोळी मामीला विचारलं. "आमच्यात असलं कोण म्हणत न्हवतं बाई, तिनंच जुळवलं असंल," म्हणाली.

म्हणजे ती ओळ जगात तीन माणसांकडे होती. एक गेली होती, एकीनं ती झोळीत नुसती ऐकली होती आणि तिसऱ्या माणसाला शाळेत चांगलं शिकवलं होतं. चूक बाईंची म्हणवत नाही. पण राग येतो, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नाही.

पुढं प्रत्येक सुट्टीत धाकटी विचारायची, "आठवलं का गं?" मग एका सुट्टीत तिनं विचारलं नाही. ते न विचारणं मला जास्त लागलं.

तिचं लग्न लवकर झालं, संकेश्वरकडं. तिला पहिली मुलगी झाली तेव्हा मी बाळंतविडा घेऊन गेले. दुपारची वेळ. पोर किरकिरत होती. धाकटीनं झोळीला हात लावला आणि हळू आवाजात सुरू केलं, 'बा गं माझ्या कूसू, हालु देते तुला.'

मग ती गप्प झाली. विसरली नव्हती. एका ओळीला लागेल तेवढा वेळ ती नुसता झोका देत राहिली. माझ्या ओठांवर सोनियाची झारी आपसूक आली होती. मी पदर तोंडाला लावला.

तेवढी जागा सोडून तिनं पुढं म्हटलं, 'चांद आला दारी, झोप आली तुला.'