फुटक्या लोखंडाचा आवाज

माझी पहिली नोकरी तीन महिनेही टिकली नाही. प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. सत्त्याण्णव साली डिप्लोमा हातात पडल्या पडल्या कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत तपासनीस म्हणून लागलो, तेव्हा आईने कागलच्या आमच्या गल्लीत घरोघर पेढे वाटले. वडील शाळामास्तर. त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून मला दिलं.

काम सोपं होतं. ट्रकचे ब्रेक ड्रम ओतून, गार होऊन यायचे. एकेक ड्रम हुकाला टांगायचा आणि हातोडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. चांगल्यावर पिवळा ठिपका द्यायचा आणि रजिस्टरात सही करायची. अडचण एवढीच, की मला सगळे ड्रम सारखेच ऐकू यायचे. गाण्यातलंही मला ओ की ठो कळत नाही. पण डिप्लोमावाल्याने हे सांगायचं कुणाला? चीर डोळ्यांना दिसली तर ड्रम बाजूला काढायचा, बाकी सगळ्यांना ठिपका.

एका दुपारी असाच एकाला ठिपका दिला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "सायेब, त्यो फुटलाय की."

ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, करणाऱ्या मावशी होत्या. मुरगूडच्या, पन्नाशीच्या. मान वर न करता, हातातलं काम न थांबवता बोलल्या. मध्ये दोन ग्राइंडर किंचाळत होते.

मी चिडलो. सगळ्यांदेखत ड्रमला रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची पूड चोळली. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पुडीवर रेघ उमटते. थोड्या वेळाने केसाएवढी रेघ उमटली. सकाळपासून मी पास केलेला ढीग पुन्हा वाजवला, तेव्हा त्यातले आणखी दोन मावशींनी बसल्या जागेवरून ओळखून दिले. मी थक्क झालो. असा कान मी जन्मात पाहिला नव्हता. मग रजिस्टरातल्या माझ्या सह्या मागे मागे चाळत गेलो. इतके दिवस मी वाटलेल्या ठिपक्यांत फुटके किती, आणि ते कुठल्या घाटात, कुणाच्या ट्रकला?

मॅनेजरसाहेबांना सगळं खरं सांगितलं. आवारातला माल मावशींकडून पुन्हा वाजवून घ्यायला ते तयार झाले. माझ्याबद्दल मात्र हसले. "त्यात काय एवढं? तिला शेजारी उभी कर. ती सांगेल, तू सही कर."

"मग ही जागा त्यांनाच द्या," मी म्हणालो.

"तिच्याकडं डिप्लोमा हाय का?"

दुसऱ्याच्या कानावर आपली सही मला जमणार नव्हती. दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला. कारण 'घरगुती' असं घातलं. खरं तर घरी अजून कुणाला पत्ताही नव्हता. प्रोबेशनवाल्याला एका दिवसाची नोटीस पुरते.

निघताना मावशींना सांगायला गेलो. म्हटलं, मला फरक ऐकूच येत नाही, म्हणून चाललो. त्यांनी हातांची वाळू झटकली आणि मला हुकापाशी नेलं. एक चांगला आणि एक फुटका ड्रम शेजारी शेजारी टांगायला लावला.

"बोट लावा. दाबू नगासा."

त्यांनी हातोडी मारली. चांगल्या ड्रमवर बोटाच्या टोकाला मुंग्या आल्या आणि कितीतरी वेळ राहिल्या. फुटक्यावर त्या लगेच थांबल्या. मी डोळे मिटून त्यांना ड्रम बदलायला लावले. दर वेळी बरोबर ओळखला.

"आमचं धनी ठार भैरं हुतं," मावशी म्हणाल्या. "हितंच तपासायला हुतं. असंच बघायचं त्ये."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"कवा इचारलंसा मला?"

जवळजवळ तीन महिने आम्ही एकाच छपराखाली होतो. मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं. वर ऑफिसात माझ्या राजीनाम्यावर सही झाली होती, आणि मी अजून ड्रमला बोट लावून उभा होतो.