जहाजावरचा आचारी

बेटाच्या धक्क्यापासून चौथ्या घरात, पुढच्या खोलीत सहा बाकं टाकून वहिनी खानावळ चालवायच्या. हमाल, होडीवाले, टपालवाला, सगळेच त्यांना वहिनी म्हणत. नवरा होडीवर होता तेव्हाची ती हाक, नवरा गेल्यावरही टिकली. हाताला चव अशी की माणूस बोटं चाटत उठे. स्वभाव मात्र असा की समोरचा हसला तरी 'हा का हसला?' हाच प्रश्न आधी पडायचा.

त्याला कारणही होतं. मावसबहीण पंधरा दिवस पाहुणी म्हणून राहिली, चुलीपाशी बसून गोड गोड बोलली, आणि महिन्याभरात धक्क्याच्या तोंडाशी वहिनींचंच माशांचं कालवण विकायला बसली. तेव्हापासून वहिनी मसाला वाटताना दाराला आतून कडी घालत.

दर दुसऱ्या गुरुवारी पर्यटकांचं मोठं जहाज चार तासांसाठी लागायचं. प्रवासी घोळक्याने यायचे, एका ताटात चौघं चमचे घालायचे, बेटावरचं जेवण चाखायचे, फोटो काढायचे आणि पळायचे. त्यांच्यात एकच माणूस वेगळा. पन्नाशीचा, एकटा. कोपऱ्यातल्या बाकावर बसून कालवण-भात मागायचा, मुकाट्याने ताट स्वच्छ करायचा आणि जेवता जेवता बाकीच्यांकडे टक लावून बघायचा.

तिसऱ्या खेपेला ताटं विसळता विसळता नणंद म्हणाली, "वहिनी, त्याचे हात बघितलेस? मनगटापर्यंत पोळल्याचे डाग. आचारी आहे तो, जहाजावरचा."

वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. "तरीच! जहाजावरचं आयतं सोडून इथे कशाला येतोय? चव उचलायला आलाय मेला. उद्या वरच वाढतील बेटावरचं जेवण, मग खाली कोण उतरतंय?"

"मग हाकलून दे."

"छे! हाकललं तर त्याला समजेल, मला समजलंय ते. असा चकवते की डोकं धरून बसेल."

पुढच्या खेपेला त्याच्यापुरतं वेगळं पातेलं चढलं. चिंचेऐवजी लिंबू. त्याच्या पुढच्या खेपेला टोमॅटो आणि वर ढीगभर मेथ्या. बुवा शांतपणे जेवला, मान डोलावून गेला. ना प्रश्न, ना कपाळाला आठी. 'पक्का मुरलेला चोर,' वहिनी मनात म्हणाल्या आणि नंतरच्या खेपेला त्याच्या कालवणात मूठभर मीठ घातलं. ते गुरानेही तोंडात धरलं नसतं. यानं ते भातावर ओतून घेतलं, संपवलं आणि वर आणखी भात मागितला.

वहिनी डाव हातात घेऊनच त्याच्यासमोर येऊन बसल्या. "कसं झालंय?"

"छान. नेहमीसारखंच."

"नेहमीसारखं? मीठ कमी की जास्त, ते सांगा बघू."

त्याचा चेहरा उतरला. आधी त्यानं दाराकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "तुम्हाला जहाजावरून कोणी पाठवलं का?"

"मला कोण पाठवणार? मीच तुमच्यावर पाळत ठेवून आहे, दीड महिना!"

तेव्हा तो बोलला. आठ महिन्यांपूर्वी ताप आला. ताप गेला, तो जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. आता नुसत्या हाताच्या सवयीवर रांधत होता. "कळलं तर उतरवून देतील मला. वर भटारखान्यात खाणारी माणसं दिसतच नाहीत, ताई. तुमच्याकडे लोक पहिला घास घेतात ना, तेव्हा त्यांच्या तोंडावर चव दिसते. तेवढी बघायला येतो."

बोलायला काय, जिभेला हाड नसतं. वहिनी आत गेल्या, आपल्या गुडघेदुखीच्या काढ्याची बाटली घेऊन आल्या आणि चमचाभर त्याला पाजला. विषासारखा कडू. त्यानं तो तोंडात घोळवला. "दाटसर आहे," तो म्हणाला. "मध का?"

वहिनी एकदम उठल्या. "आधी तांब्याभर पाणी प्या. फार मीठ गेलंय पोटात. माझंच चुकलं."

त्यानंतर तो येताना तीन-चार डबे घेऊन येऊ लागला. वहिनी जहाजावरचं एकेक चाखत आणि तोंडावर सांगत: "हे अळणी. ह्यात आलं जास्त झालंय. हे कुणाला वाढू नका, शत्रूलासुद्धा." तो सगळं चिठ्ठीवर उतरवून घेई. नणंद हसायची, "वहिनी, जहाजाची सासू झालीस तू!"

दीड वर्ष असं चाललं. मग एका गुरुवारी तो आलाच नाही. त्याच्याऐवजी जहाजावर कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई दारात उभी राहिली.

"आचारीबुवांचा निरोप आहे. नोकरी सोडून मुलीकडे राहायला गेलेत. थोडाथोडा वास यायला लागलाय म्हणे. पहिला आला तो रॉकेलचा. त्यांना रडूच कोसळलं."

वहिनींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही त्यांच्या कोण? आणि हे त्यांनी तुम्हालाच बरं सांगितलं?"

बाई गोंधळली. "मी... शेजारच्याच खोलीत काम करायचे."

"हं," वहिनी म्हणाल्या. मग बाक पुसून म्हणाल्या, "बसा. जेवून जा. आणि मुलगी कुठे राहते, तिला मुलंबाळं किती, सगळं नीट सांगा."